न बघता लिहिलेली ओळ

"वाच की. कॉलेजला जातेस ना? वाच, तुझ्या आईला ऐकू दे."

सेक्रेटरी काकांनी रिमोट माझ्याकडे रोखून धरला होता. कोपरखैरण्यातल्या त्या सोसायटीच्या ऑफिसात भिंतीवर मोठा टीव्ही आहे. एरवी त्यावर गेट, लिफ्ट, पार्किंग असे चौकोन दिसतात. त्या रविवारी सकाळी त्यावर माझी आई दिसत होती. वरून घेतलेली. आवाज नाही. नऊ सेकंद. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

आठ-दहा माणसं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्हाला कोणी बस म्हणालं नाही. आईने चपला दाराबाहेर काढल्या होत्या. बाकी सगळ्यांच्या पायांत चपला होत्या.

आईला वाचता येत नाही. हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. सात वर्षं ती त्या सोसायटीत धुणं-भांडी-लादी करते. पूर्वी गेटवर रजिस्टर होतं, तेव्हा तिचं नाव वॉचमनच लिहायचा. आता वॉचमनच्या मोबाईलमधल्या ॲपवर तिचा पास आहे.

व्हिडिओच्या खाली लाल पट्टी होती. पट्टीत पिवळ्या अक्षरांत एक ओळ. मी वाचली.

"संतापजनक! तान्ह्या बाळाच्या दुधात थुंकली मोलकरीण?"

"जोरात."

मी जोरात वाचली.

आईने टीव्हीकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. तिला त्या अक्षरांचा अर्थ पहिल्यांदा कळत होता आणि तो माझ्या तोंडून कळत होता. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोरगी लाजली. मला लाज वाटत होती हे खरं, पण कारण वेगळं होतं. तिथल्या कुणाला ते माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं.

ती ओळ मी लिहिली होती.

हे मला नीट सांगता येईल का, माहीत नाही. मी आधी असं काही लिहिलेलं नाही. जे झालं ते झालं तसं सांगते.

आम्ही रबाळ्याला राहतो. एमआयडीसीच्या मागच्या बाजूला, एका कंपनीच्या भिंतीला लागून आमची वस्ती आहे. मूळचे आम्ही जालन्याकडचे. वडील मी आठवीत असताना गेले. तेव्हापासून आईने तीन घरं धरली, मग पाच. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मास मीडिया का घेतलं, असं प्रवेशाच्या वेळी एका मॅडमनी विचारलं, तेव्हा मी 'आवड आहे' म्हटलं. खरं उत्तर आईचं होतं. ती म्हणाली होती, "बातम्यात बोलनाऱ्या बाईला कुनी गेटवर आडवत न्हाई."

शेवटच्या वर्षाला इंटर्नशिप करावी लागते. तिचं सर्टिफिकेट जोडल्याशिवाय सेमिस्टर पूर्ण होत नाही. मला वाशीत एका बातम्यांच्या पोर्टलमध्ये जागा मिळाली. मोबाईलच्या दुकानावर तीन खोल्या, सहा कॉम्प्युटर, एक एसी. मालकालाच सगळे सर म्हणायचे. सर स्वभावाने वाईट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. ते रागावायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या डब्यातली पोळी दिली.

काम असं चालायचं. पोर्टलचा एक व्हॉट्सॲप नंबर आहे. त्यावर लोक व्हिडिओ पाठवतात आणि सोबत दोन-तीन वाक्यं लिहितात. मी ती वाक्यं वाचायची आणि ओळ बनवायची. तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरचा मुलगा व्हिडिओ उतरवून घ्यायचा, चेहरे धूसर करायचा, खाली माझी ओळ चिकटवायचा, वर संगीत टाकायचा. आधी ओळ, मग व्हिडिओ. कारण व्हिडिओ उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरं पोर्टल पुढे जातं.

"सर, व्हिडिओ बघून लिहू का?" मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"व्हिडिओत काय असतं? माणसं हलतात," सर म्हणाले. "काय चाललंय ते आपली ओळ सांगते."

ते हसत म्हणाले. मीही हसले. मला वाटलं, मी काहीतरी मोठं शिकले.

अजून बरंच शिकले. पहिला शब्द कानाखाली बसल्यासारखा हवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला कुटुंब म्हणायचं, रहिवासी म्हणायचं, आई म्हणायचं. बाहेरून येणाऱ्याला त्याच्या कामाने ओळखायचं. मोलकरीण. वॉचमन. डिलिव्हरीवाला. त्याचं नाव शोधत बसायचं नाही. आणि शेवटी प्रश्न विचारायचा. "आपण फक्त विचारतोय. आरोप कुठे करतोय? केस करणार कशी?" सर म्हणायचे.

त्या महिन्यात आमची एक मालिका चालू होती. 'तुमच्या घरात कोण येतंय?' रोज एक व्हिडिओ. प्रत्येकाच्या आधी घरात बसवायच्या कॅमेऱ्याची जाहिरात. कॅमेरा विकणाऱ्या कंपनीनेच मालिकेला पैसे दिले होते. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. बघणाऱ्यांना माहीत नव्हतं. लोक आधी घाबरायचे, मग कॅमेरे घ्यायचे, मग त्या कॅमेऱ्यातले व्हिडिओ आम्हालाच पाठवायचे. मला तेव्हा यात काही दिसलं नाही. मला एवढंच दिसत होतं की माझ्या ओळी हजारो लोक वाचतात. आमच्या वस्तीत कुणाचंही लिहिलेलं आजवर एवढ्या लोकांनी वाचलं नव्हतं.

सरांना आवडलेल्या ओळी मी एका वहीत उतरवून ठेवायचे. खाली तारीख.

शुक्रवारी दुपारी मेसेज आला. "कोपरखैरणे. कामवाली बाई बाळाच्या दुधात थुंकली. प्लीज व्हायरल करा." सोबत व्हिडिओ. व्हिडिओवर ते फिरणारं वर्तुळ होतं. मी ते उघडलं नाही. एका मिनिटात ओळ लिहिली.

सर उठून माझ्या खुर्चीमागे आले. मोठ्याने वाचून दाखवली. "क्या बात है! हिला शिकवावं लागत नाही." मग सगळ्यांसाठी स्पेशल चहा मागवला. माझ्यामुळे. कोपरखैरणे हा शब्द वाचून मला आई आठवायला हवी होती. नाही आठवली. तिथे किती सोसायट्या, किती कामवाल्या. माझ्या मनात मोलकरीण हा शब्द म्हणजे कुणी दुसरीच बाई होती.

मी ओळ वहीत उतरवली. चौदावी.

संध्याकाळी घरी आले तर आई घरात. त्या वेळेला ती चौथ्या घरी असते. जमिनीवर बसली होती, भिंतीला पाठ, साडी बाहेरचीच.

"गेटवर आडवलं," ती म्हणाली. "म्या दुपारच्याला जेवाया घरी आले व्हते. परत गेले तर त्या मोबाईलमंदी माझं लाल येऊ लागलं. रोज हिरवं येतंय."

वॉचमन ओळखीचा. कधी तिच्याच डब्यातली भाकरी खाणारा. तो म्हणाला, "मौसी, ऊपर से ऑर्डर है. मेरे को मत पूछो." आईने विचारलं, काय केलं मी? त्याने मागच्या बायकांना हाताने पुढे बोलावलं. मागून येणाऱ्या बायका तिला वळसा घालून आत गेल्या. आत जाताना एकीने नाकाला पदर लावला.

तेवढ्यात शेजारच्या, आईसारख्याच निरक्षर सुमनमावशी मोबाईल घेऊन आल्या. "ही तूच ना गं?"

मी स्क्रीन बघितली. आधी माझी ओळ दिसली. मग आई.

चेहरा धूसर केला होता. चेहऱ्यावरून मी ओळखलं नसतं. ओळखलं मुठीवरून. उजव्या हाताची आवळलेली मूठ. बाळ खाली गादीवर, शेजारी दुधाची वाटी. आई वाकलेली. मूठ बाळाभोवती गोल फिरते. थांबते. मान किंचित खाली जाते, धूसर तोंड पुढे येतं. पुन्हा मूठ फिरते.

ही मूठ माझ्याभोवती फिरली आहे. दहावीच्या पेपराला. कॉलेजच्या पहिल्या दिवशी. मुठीत मीठ-मोहरी असते. आई पुटपुटते, "आल्यागेल्याची, घरच्याची-दारच्याची, कुनाची लागली आसंल ती जळून जाऊ दे," आणि प्रत्येक फेऱ्याला थू म्हणते. नुसती म्हणते. ओठ कोरडे असतात. मग ते मीठ-मोहरी चुलीत टाकते आणि किती तडतडलं त्यावरून दिष्ट किती होती ते सांगते.

ती त्या बाळाची दिष्ट काढत होती.

"आजी म्हनल्या," आईने सांगितलं. बाळाची आजी. "लेकरू दोन दिस डोळ्याला डोळा लावत नव्हतं. आजीनं मीठ-मव्हरी माझ्या हातावर ठिवली. म्हनल्या, तुझ्या हाताला गुन हाय, तूच काढ. सूनबाईला सांगू नगं, तिला आसलं आवडत न्हाई."

सूनबाई ऐरोलीला कंपनीत जाते. घरातला कॅमेरा तिच्या मोबाईलवर दिसतो. तिने ऑफिसात बसून ते बघितलं, आवाज नव्हता, घाबरली. तेवढाच तुकडा सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. तिथून कुणीतरी आमच्या पोर्टलला पाठवला, हे नंतर कळलं.

"खाली काय लिव्हलंय गं त्याच्या?" आईने मला विचारलं.

मी म्हटलं, "काही नाही. असंच."

हे मी लिहिणार नव्हते. पण हेही झालं.

शनिवारी कॉलेजच्या कँटीनमध्ये प्रणाली भेटली. माझ्या वर्गातली, बोनकोडे गावची, आगरी. तोंडाने फटकळ आणि मनाने साफ. मी तिच्यासमोर मोबाईल धरला. व्हिडिओ लावला आणि खालची पट्टी अंगठ्याने झाकली.

"काय दिसतंय?"

तिने समोसा खात खात बघितलं. "नजर कारते की. माझी आय पन अशीच कारते. काय झालं?"

"नीट बघ."

"बगितलं ना. त्या पोराला नजर लागली असंल. याच्यात काय हाय?"

मी अंगठा काढला.

तिने वाचलं. मग पुन्हा वर बघितलं. चावणं थांबलं. "आरे, हा तं तोच... मी काल दोन ग्रुपवर टाकला ह्यो." मग हळू आवाजात, "काल मला खरंच थुकतानी दिसली रे. शप्पत. थुकी पन दिसली."

थुंकी. जी नव्हतीच. जी माझ्या ओळीतून निघाली आणि तिच्या डोळ्यात जाऊन पडली. प्रणालीची आई घरात तेच करते, तरी तिला काल ते दिसलं नाही.

मी तिला सांगितलं, ती माझी आई आहे. ओळ कुणाची आहे, ते सांगितलं नाही. धीर झाला नाही.

तिथून मी वाशीला ऑफिसात गेले. सरांना सगळं सांगितलं. दिष्ट, मीठ-मोहरी, आजी. म्हटलं, सर, ओळ काढा. चुकलं असं लिहा.

सरांनी खुर्ची मागे टेकवली. "माफीनामा कोण बघतं, मला सांग. काढला तर लोक म्हणतील पैसे खाल्ले." मग एकदम पुढे वाकले. डोळे चमकले. "थांब थांब. तुझी आई आहे? अगं, मग ही तर वेगळीच स्टोरी! तुम्ही दोघी कॅमेऱ्यासमोर या. आई रडली तरी चालेल, उलट बरं. 'मी थुंकले नाही, मोलकरणीचा टाहो.' तुझं नाव टाकतो खाली. करिअरला चांगलं आहे, बेटा."

ते मनापासून बोलत होते. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं भलं करताहेत.

मी काय म्हटलं? मी म्हटलं, "विचार करून सांगते, सर."

ताडकन 'नाही' म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. सर्टिफिकेट डोळ्यासमोर आलं. जिना उतरताना स्वतःचा वास आल्यासारखं झालं.

आणि मग रविवार. सोसायटीचं बोलावणं आलं होतं. "मुलीला घेऊन ये, तिला समजेल." तर ती मी. वाचून झालेली. टीव्हीवर आई अजून फिरतेच आहे.

"हे बघ," सेक्रेटरी काका मला म्हणाले, आईला नाही. "आम्हाला पोलीस-बिलीस नको. सोसायटीचं नाव आधीच खराब झालंय. आईने कॅमेऱ्यासमोर म्हणायचं, माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही. ग्रुपवर टाकतो. विषय संपला. नाहीतर पाचही बिल्डिंगचा पास बंद. चॉइस तुमचा."

आई म्हणाली, "म्या थुकले न्हाई, सायेब. दिष्ट काढली. त्याला थू म्हनत्यात. थुकत न्हाईत."

"तुमच्यात असेल," मागून एकजण म्हणाला.

"आजकाल कोण करतं असलं?" दुसऱ्या बाई.

त्या ऑफिसच्या दारावर लिंबू-मिरची टांगलेली होती. कालच्या शनिवारची, अजून हिरवी.

बाळाची आजी तिसऱ्या खुर्चीवर बसली होती. शेजारी सून. आईने आजीकडे एकदा बघितलं. एकदाच. आजी मांडीवरच्या निऱ्या सरळ करत होत्या. त्या सरळच होत्या.

मी म्हटलं, "आजी, तुम्ही सांगा ना."

आईने माझं मनगट दाबलं. खाली वाकून कानात म्हणाली, "त्यांना नगं इचारू. त्यांना त्या घरात ऱ्हायचंय."

मग मी सुनेला म्हटलं, "ताई, या नऊ सेकंदांच्या आधीचं दाखवा. मीठ-मोहरी हातावर कुणी ठेवली ते त्यात असेल."

सुनेने सासूकडे बघितलं, मग मोबाईल पालथा केला. तिला माहीत होतं. त्या क्षणी मला कळलं की तिला माहीत आहे. "तो आमच्या घरातला व्हिडिओ आहे," ती म्हणाली. "प्रायव्हसी नावाची काही गोष्ट असते की नाही?"

माझ्या आईच्या नऊ सेकंदांना ती प्रायव्हसी का नव्हती, हे मला तेव्हा सुचलं नाही. नंतर बसस्टॉपवर सुचलं.

सेक्रेटरी काकांनी मोबाईल आडवा धरला. आईने पदर डोक्यावरून घेतला, दोन्ही खांद्यांवर नीट केला. फोटो काढताना करते तसा. म्हणाली, "काय म्हनायचं त्ये सांगा. म्हन्ते."

तिचं ते पदर नीट करणं मला बघवलं नाही. मी मोबाईलच्या आणि तिच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"ती काही म्हणणार नाही."

माझा आवाज चिरका निघाला. कुणीतरी हसलं.

"ती ओळ मी लिहिली आहे," मी म्हटलं. "मी त्या पोर्टलमध्ये काम करते. मी व्हिडिओ बघितला नव्हता. न बघता लिहिली. दुधात थुंकली हे मी लिहिलं, म्हणून तुम्हाला ते दिसतंय."

मागे आईचा श्वास ऐकू आला. एकदाच, मोठा. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पुढचं जमलं नसतं.

मी टीव्हीपाशी गेले. टाचा उंचावून दोन्ही तळहातांनी ती लाल पट्टी झाकली. "आता बघा."

नऊ सेकंद. मूठ फिरली. पुन्हा नऊ सेकंद. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. तिसऱ्या फेरीला पुढे बसलेल्या एक बाई म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की, हे तर..." आणि त्या गप्प झाल्या. त्यांच्या नवऱ्याने त्यांच्याकडे बघितलं होतं.

मला वाटलं, झालं. दिसलं त्यांना.

सेक्रेटरी काका हसले. "वा! आई थुंकते आणि मुलगी बातमी करते. फॅमिली बिझनेस आहे म्हणायचा."

मग सगळेच हसले. त्या बाईसुद्धा. खोली परत त्यांची झाली. सेक्रेटरी काकांनी वॉचमनला आवाज दिला, "हिचा पास उडवून टाक."

बाहेर आई चपला घालत होती. आजी मागून आल्या, भिंतीला धरून. आईपाशी थांबल्या. इकडेतिकडे बघितलं.

"बाळ झोपलं गं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "छान झोपलं."

आई म्हणाली, "झोपू द्या."

बसस्टॉपवर आई माझ्यापासून दोन हात लांब उभी राहिली. बसमध्ये दुसऱ्या सीटवर बसली.

दुपारी प्रणालीने एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, "ही तूच ना?" खोलीतल्या कुणीतरी माझा व्हिडिओ काढला होता. बारा सेकंद. त्यात मी टीव्हीवर हात मारते आहे असं दिसतं. माझं बोलणं नाही, त्यावर ढोल-ताशासारखं संगीत आहे. खाली लाल पट्टी, पिवळी अक्षरं.

"धक्कादायक! मोलकरणीच्या मुलीचा सोसायटीत राडा?"

पहिला शब्द कानाखाली. माणूस कामाने. शेवटी प्रश्न. माझ्याच पद्धतीची ओळ. माझ्या खुर्चीवर बसून कुणीतरी लिहिली, बहुतेक न बघता. व्हिडिओच्या आधी कॅमेऱ्याची तीच जाहिरात.

पाठोपाठ सरांचा मेसेज. "नाराज होऊ नकोस. मस्त चाललाय. उद्या ये, तुझी पण बाजू करू."

मी लिहिलं, "येणार नाही." पाठवलं. सर्टिफिकेट मिळणार नाही. सेमिस्टर राहील. कॉलेजात सांगायला जाईन, पण तिथे ते काय म्हणतील ते मला माहीत आहे.

आई मेथी निवडत बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "वाच."

"काय?"

"त्या फोनमदी काय लिव्हलंय त्ये. समदं वाच. आता 'असंच' म्हनू नगं."

मी वाचलं. तिने ऐकलं. मग म्हणाली, "आन तुझ्या त्या वहीत काय आस्तं? रोज लिव्हत बस्तीस. मला वाटायचं आभ्यास हाय."

मी वही काढली. चौदा ओळी वाचल्या. वॉचमन. डिलिव्हरीवाला. भाजीवाली. नर्स. रिक्षावाला. एकही ओळ चोरली नाही. वाचताना कळलं की एकाही ओळीत नाव नाही. आईचे हात मेथीवर चालू होते. चौदावी वाचताना थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"माझ्या जागी दुसरी आस्ती तर?" तिने विचारलं. "तू गेली आस्तीस का गं? त्या टीव्हीवर हात ठिवाया?"

हो म्हणणं सोपं होतं. तिलाही बहुतेक तेच ऐकायचं होतं. पण दोन दिवस मी तिच्याशी खोटं बोलले होते आणि त्या आधी महिनाभर सगळ्यांशी.

"नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. निवडलेली मेथी उचलली आणि मोरीकडे गेली.

आज आठवडा झाला. आईला अजून दुसरीकडे काम मिळालेलं नाही. जिथे जाते तिथे बाया आधी मोबाईल बघतात, मग तिच्याकडे बघतात. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. मला यात दिलासा शोधायचा नाही. मी लिहिलं ते परत घेता येत नाही. ते किती मोबाईलांत आहे, हे कुणालाच माहीत नाही. ते काढायची ताकद माझ्यात नाही. जो माणूस त्या ओळीखाली दबला आहे, त्याच्या दारापर्यंत चालत जायची ताकद मात्र आहे.

वहीतली पहिली ओळ अशी आहे. "धक्कादायक! घणसोलीत वॉचमनने रहिवाशाच्या कुत्र्याला घातलं विष?" त्या वॉचमनचं नाव मला माहीत नाही. तो अजून तिथे आहे का, तेही माहीत नाही. उद्या सोमवार. वाशीला जायचं नाही, घणसोलीला उतरायचं. गेटवर विचारायचं. तिथून काढला असेल तर तो कुठे गेला, ते विचारायचं. सापडला की त्याला आधी सांगायचं, ती ओळ मी लिहिली. तो शिव्या देईल. देऊ दे. मारायला धावेल. धावू दे. मग विचारायचं, काका, तुमचं नाव काय? त्या दिवशी काय झालं होतं? आणि तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्या नावासकट, त्याच ओळीखाली लिहायचं.

मग दुसरी ओळ. मग तिसरी. तेराच्या तेरा. मग ते कॉलेजच्या भिंतीवर लावीन. कुणी फाडलं तर पुन्हा लिहीन. गेटवर उभी राहून वाचून दाखवीन. जोरात. जोरात वाचायला मला शिकवलं आहे त्यांनी.

चौदावी ओळ आईची. तिच्याखालची जागा मोकळी आहे. तिथे काय लिहायचं ते मी ठरवणार नाही. तेराजणांकडे जाऊन आले की वही तिच्यासमोर ठेवीन, पेन उघडीन आणि ती सांगेल ते लिहीन. ती काहीच सांगणार नसेल, तर ती जागा मोकळीच राहील.